कोडेल लावूनही १३८ मिलिसेकंद का येतात? एनएस-३ मध्ये क्यूइंग डिले मोजण्याबद्दल

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत परत मांडते, कारण अर्धं उत्तर त्या मांडणीतच आहे. एनएस-३ या नेटवर्क सिम्युलेटरमध्ये डंबेल टोपॉलॉजी आहे (दोन्ही बाजूंना कॉम्प्युटर, मधे दोन राउटर जोडणारी एकच लिंक), दोन्ही बाजूंना १०० एमबीपीएस आणि १ मिलिसेकंदाच्या लिंक, मधे १० एमबीपीएस आणि १० मिलिसेकंदाची बॉटलनेक (सगळ्यात अरुंद लिंक), पाच टीसीपी फ्लो, सेगमेंट १४४८ बाइटचा, आणि बॉटलनेकच्या राउटरवर कोडेल, म्हणजे रांगेतलं थांबणं फार वाढलं की पॅकेट टाकून देणारा अल्गोरिदम, टार्गेट ५ मिलिसेकंद. फ्लोमॉनिटर हे एनएस-३ चं मोजायचं साधन सरासरी डिले १३८ मिलिसेकंद सांगतंय, क्यू डिस्कचा (कोडेल जी रांग सांभाळतं तिचा) सोजर्न टाइम, म्हणजे त्या रांगेत काढलेल्या वेळेचा ट्रेस, सांगतोय ६. यातला खरा क्यूइंग डिले, म्हणजे रांगेत थांबण्याचा वेळ, कुठला, आणि कोडेलच्या कोडमध्ये बग आहे का, असं तुम्ही विचारलंय.

बग नाहीये. दोन्ही आकडे बरोबर आहेत. फक्त तुमचं पॅकेट ज्या ठिकाणी सगळ्यात जास्त वेळ ताटकळतंय त्या ठिकाणी तुम्ही अजून मोजलेलंच नाही.

आधी कागदावर हिशोब करू. मी सिम्युलेशन चालवायच्या आधीच हा करून ठेवते, म्हणजे नंतर आकडा आला की तो कुठून आला ते कळतं. १४४८ बाइट डेटा, टाइमस्टॅम्प ऑप्शनसकट टीसीपी हेडर ३२, आयपी २०, पीपीपीचे २, असे तारेवर १५०२ बाइट. १० एमबीपीएसवर हे पॅकेट बाहेर ढकलायला १.२ मिलिसेकंद लागतात, १०० एमबीपीएसवर ०.१२. तीन लिंकचा ट्रान्समिशन टाइम मिळून १.४४, प्रोपगेशन (तारेतून जायला लागणारा वेळ) १ अधिक १० अधिक १ म्हणजे १२. म्हणजे कुठेही एक क्षण वाट बघावी लागली नाही तरी १३.४ मिलिसेकंद लागणारच. १३८ मधून हे १३.४ काढा, क्यू डिस्कचे ६ काढा, साधारण ११८-११९ उरतात. आता पॉइंट टू पॉइंट डिव्हाइसच्या स्वतःच्या क्यूची डिफॉल्ट साइज बघा, १०० पॅकेट. १०० गुणिले १.२ म्हणजे १२०. सापडले तुमचे हरवलेले मिलिसेकंद. (नेमके १२० का नाहीत, तर सुरुवातीला क्यू भरेपर्यंतचा काळही तुमच्या सरासरीत आहे.)

एनएस-३ मध्ये राउटरच्या आत दोन रांगा असतात आणि गडबड होते ती तिथेच. २०१६ साली ३.२५ व्हर्जनमध्ये ट्रॅफिक कंट्रोल लेयर आला, तेव्हापासून आयपी लेयर आणि नेटवर्क डिव्हाइस यांच्यामध्ये क्यू डिस्क बसते, अगदी लिनक्समध्ये बसते तशी, आणि तिच्या खाली डिव्हाइसची स्वतःची साधी ड्रॉपटेल रांग (भरली की नवीन पॅकेट टाकून देणारी) वेगळी असते. त्याआधी रेड वगैरे रांग सांभाळणारे अल्गोरिदम डिव्हाइसच्या क्यूमध्येच असायचे, त्यामुळे जुनं ट्यूटोरियल बघून कोड लिहिणाऱ्याला दुसरी रांग आहे हेच माहीत नसतं. सरकारी दवाखान्यातली ओपीडी आठवा. बाहेर केसपेपरची रांग, आत डॉक्टरांच्या दाराबाहेर बाकं. बाकांवर जागा असेपर्यंत बाहेरच्या रांगेत कुणी थांबतच नाही, सरळ आत सोडतात. बाकं भरली की मग बाहेर रांग लागायला सुरुवात होते. केसपेपरवाल्याला विचारलं तर तो खरंच सांगेल की माझ्याकडे माणूस सहा मिनिटांपेक्षा जास्त थांबत नाही, आणि पेशंटला विचारलं तर तो म्हणेल दोन तास गेले. कोडेल म्हणजे तो केसपेपरवाला. त्याचं लक्ष फक्त स्वतःच्या रांगेवर असतं, आतल्या बाकांवरची १०० माणसं त्याला दिसतच नाहीत.

त्यामुळे पहिला उपाय सरळ आहे. पॉइंट टू पॉइंट हेल्परमध्ये ड्रॉपटेल क्यूची मॅक्स साइज १ पॅकेट करा. एनएस-३ सोबत ट्रॅफिक कंट्रोलचं जे उदाहरण येतं त्यातही हेच केलेलं आहे, पण ती ओळ सगळे डोळे मिटून कॉपी करतात किंवा डोळे मिटून गाळतात, ती का आहे ते फार कमी जण विचारतात. दुसरा मार्ग म्हणजे ट्रॅफिक कंट्रोल हेल्परला डायनॅमिक क्यू लिमिट्स लावणं, हे लिनक्समधल्या बाइट क्यू लिमिट्ससारखं काम करतं, डिव्हाइसमध्ये गरजेपुरतेच बाइट जाऊ देतं. लिनक्समध्येही ती सोय २०१२ मध्ये ३.३ कर्नलला आली आणि कोडेल त्यानंतर ३.५ ला, आणि हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण ड्रायव्हरच्या रिंगमध्ये, म्हणजे नेटवर्क कार्डाच्या रांगेत, शेकडो पॅकेट पडून असतील तर वर कितीही हुशार अल्गोरिदम बसवला तरी त्याच्या हातात फारसं काही राहत नाही. तुमच्या सिम्युलेशनने खऱ्या जगातलाच प्रॉब्लेम हुबेहूब दाखवलाय. मला विचाराल तर रिपोर्टमध्ये ही १०० पॅकेटवाली केससुद्धा ठेवा, ती शिकण्यासारखी आहे.

कुठला मार्ग घ्यायचा हे तुम्हाला काय दाखवायचंय त्यावर अवलंबून आहे. अल्गोरिदमची तुलना करायची असेल तर १ पॅकेट, म्हणजे अल्गोरिदम सोडून बाकी काही मधे येत नाही. खऱ्या लिनक्स राउटरसारखं वागणं दाखवायचं असेल तर डायनॅमिक लिमिट्स.

आता मोजायचं कसं. माझ्या मते आधी एक वाक्य वहीत लिहायचं: पॅकेटचं थांबणं कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं. तुमच्यासाठी मी असं लिहीन, बॉटलनेकच्या क्यू डिस्कमध्ये शिरल्यापासून त्याच डिव्हाइसवर त्याचा पहिला बिट तारेवर जाईपर्यंत. यात क्यू डिस्क आली, डिव्हाइसची रांग आली, ट्रान्समिशन टाइम आला नाही. हे वाक्य नसेल तर दोन जणांचे आकडे कधीच जुळत नाहीत. शब्दांनीही घोळ होतो, कारण क्यूइंग थिअरीच्या पुस्तकात सोजर्न टाइम म्हणजे वाट बघणं अधिक सर्व्हिस टाइम, आणि एनएस-३ च्या क्यू डिस्कचा सोजर्न टाइम म्हणजे फक्त त्या डिस्कमध्ये काढलेला वेळ, त्यात सर्व्हिस नाही आणि खालची रांगही नाही. पुस्तकातल्या सूत्रात हा आकडा टाकला की एका सर्व्हिस टाइमचा फरक पडतो आणि मग माणूस दोन दिवस बग शोधत बसतो.

फ्लोमॉनिटर वाईट नाही, पण ते वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतं. ते पाठवणाऱ्याच्या आयपी लेयरपासून घेणाऱ्याच्या आयपी लेयरपर्यंतचा पूर्ण प्रवास मोजतं, म्हणजे सगळ्या हॉपवरच्या सगळ्या रांगा, ट्रान्समिशन, प्रोपगेशन सगळं एकत्र. पॅकेट एकाच साइजचे आणि रस्ता एकच असेल तर त्यातून १३.४ वजा करून एकूण क्यूइंग काढता येतो, तेवढं चालतं. पॅकेट लहानमोठे असतील तर वजा करायचा आकडाच प्रत्येकाचा वेगळा होतो. आणखी एक गोष्ट तपासा, फ्लोमॉनिटर एसीकेच्या (पोचपावतीच्या पॅकेटच्या) उलट्या प्रवासालाही वेगळा फ्लो धरतं. तुमच्या पाच डेटा फ्लोसोबत पाच एसीकेचे फ्लो असतील, त्यांचा डिले १२ मिलिसेकंदाच्या आसपास. कॉपी केलेल्या स्क्रिप्टमध्ये सगळ्या फ्लोंची सरळ सरासरी काढलेली असते, तशी काढली तर तुम्हाला ७५ मिळाले असते, आणि तो आकडा कशाचाच नाही. तुम्हाला १३८ मिळाले याचा अर्थ तुम्ही पोर्ट बघून डेटाचे फ्लो वेगळे केलेत, ते बरोबर केलंत.

डिव्हाइसच्या रांगेसाठी एन्क्यू (रांगेत शिरणं) आणि डीक्यू (रांगेतून निघणं) हे दोन ट्रेस मिळतात, त्यांना कॉलबॅक जोडायचे. ती रांग शुद्ध फिफो आहे, आधी आलेलं आधी जातं, त्यामुळे पॅकेट ओळखायची गरजच नाही, एन्क्यू झालं की सिम्युलेटरची आत्ताची वेळ एका डेकच्या (दोन्ही टोकांनी वापरता येणाऱ्या यादीच्या) शेपटाला टाकायची, डीक्यू झालं की डोक्यावरची वेळ काढून वजाबाकी करायची. एन्क्यूचा ट्रेस पॅकेट खरंच आत घेतल्यावरच येतो, जागा नाही म्हणून टाकून दिलेल्याचा ट्रेस वेगळा असतो, त्यामुळे हिशोब चुकत नाही. आणि पॉइंट टू पॉइंट डिव्हाइसमध्ये लाइन मोकळी असेल तर पॅकेट रांगेत जातं आणि त्याच क्षणी बाहेर येतं, म्हणजे डिले शून्य. हे शून्य मोजायचेच. मी असे कोड बघितलेत ज्यात डिले शून्याहून मोठा असेल तरच लिहितात, का तर ग्राफ घाण दिसतो म्हणून, आणि मग सरासरी फुगते.

पूर्ण राउटरमधला वेळ, म्हणजे क्यू डिस्कच्या एन्क्यूपासून डिव्हाइसच्या ट्रान्समिशन सुरू होण्याच्या ट्रेसपर्यंत मोजायचा असेल तर मात्र पॅकेट ओळखावं लागतं. तिथे सगळे पॅकेटचा युआयडी (ओळख नंबर) वापरून मॅप बनवतात, मीही बनवला होता आणि त्यात जे झालं ते सांगते. एका प्रोजेक्टमध्ये माझ्या आकड्यांत अधूनमधून एका सेकंदाहून मोठे डिले दिसायचे. सरासरीत ते विरघळून गेले होते, म्हणून आधी लक्षातच आलं नाही. मग एके दिवशी मॅक्सिमम छापून बघितला आणि हिशोब केला, या रांगेची क्षमता बघता १२०-१३० मिलिसेकंदांच्या फार वर जाणं शक्यच नाही, मग सेकंद कुठून आला? झालं असं होतं की कोडेल काही पॅकेट आतून काढताना ड्रॉप करतं, ती डिव्हाइसपर्यंत पोचतच नाहीत, त्यामुळे मॅपमधली त्यांची नोंद तशीच पडून राहायची. नंतर टीसीपी तोच सेगमेंट परत पाठवायचं. एनएस-३ मध्ये पॅकेटच्या कॉपीचा युआयडी मूळचाच राहतो, त्यामुळे परत पाठवलेलं पॅकेट जुनाच नंबर घेऊन यायचं. आणि सी++ च्या मॅपचं इन्सर्ट, नोंद आधीच असेल तर नवीन वेळ लिहीत नाही, गप्प बसतं. मग वजाबाकी व्हायची पहिल्या, मेलेल्या पॅकेटच्या वेळेपासून. टीसीपीचा रिट्रान्समिशन टाइमआउट एनएस-३ मध्ये डिफॉल्टने किमान १ सेकंद, म्हणून सेकंदाहून मोठे आकडे. तोपर्यंत त्या मापावर मी तीन महिन्यांचे ग्राफ काढले होते, ते सगळे परत काढावे लागले.

म्हणून युआयडीचा मॅप वापरायचा असेल तर ड्रॉपच्या ट्रेसला पण कॉलबॅक जोडून नोंद पुसा, ड्रॉप बिफोर एन्क्यू आणि ड्रॉप आफ्टर डीक्यू असे दोन वेगवेगळे ट्रेस आहेत. प्रत्येक रांगेला स्वतःचा मॅप ठेवा, नाहीतर दुसऱ्या हॉपची नोंद पहिल्याच्या डोक्यावर बसते. आणि सिम्युलेशन संपल्यावर मॅपमध्ये किती नोंदी उरल्या ते छापा. आत्ता रांगेत आहेत तेवढ्याच उरायला हव्यात, त्याहून जास्त उरल्या तर कुठेतरी गळती आहे. दुसरा मार्ग पॅकेट टॅगचा, शिरताना वेळेचा टॅग चिकटवायचा आणि बाहेर पडताना वाचायचा. टॅग पॅकेटसोबतच मरतो हा त्याचा फायदा. पण एकाच प्रकारचा टॅग दोनदा चिकटवला तर डीबग बिल्डमध्ये सिम्युलेशन तिथेच थांबतं, त्यामुळे एकाहून जास्त राउटरवर मोजायचं असेल तर बाहेर पडताना तो काढावा लागतो, आणि ट्रेसमधून मिळणारं पॅकेट कॉन्स्ट असतं, त्यावर चिकटवता येतं पण काढता येत नाही. म्हणून एका राउटरसाठी टॅग, अनेकांसाठी मॅप, असा माझा नेम आहे.

जे अजून जुन्या एनएस-२ सिम्युलेटरवर आहेत, आपल्याकडच्या कॉलेजांत बरेच जण असतात, त्यांच्यासाठी एकच सांगते. ट्रेस फाइलमध्ये अधिकचं चिन्ह म्हणजे रांगेत शिरलं, उण्याचं चिन्ह म्हणजे रांगेतून निघालं, आर म्हणजे पोचलं, डी म्हणजे ड्रॉप. क्यूइंग डिले हा अधिक आणि उणे यांच्यातला फरक आहे, तोही त्याच लिंकवरचा. नेटवर मिळणाऱ्या ऑक स्क्रिप्टांत बहुतेक वेळा पहिल्या अधिकपासून शेवटच्या आरपर्यंतचा फरक काढून त्याला डिले म्हटलेलं असतं, तो एंड टू एंड डिले झाला.

आता मला सगळ्यात जिव्हाळ्याची गोष्ट, आपलं माप बरोबर आहे हे कळणार कसं? टीसीपी आणि कोडेलसाठी बरोबर उत्तर कुठल्या पुस्तकात छापलेलं नाही. म्हणून ज्याचं उत्तर माहीत आहे अशा रांगेवर आधी आपली फूटपट्टी तपासून घ्यायची. मी प्रत्येक नवीन प्रोजेक्टला हे करते, पाऊण तास जातो आणि पुढचे आठवडे वाचतात. एक लिंक घ्या १० एमबीपीएसची, क्यू डिस्क काढून टाका, डिव्हाइसची रांग १०,००० पॅकेटची करा म्हणजे ड्रॉप होणार नाहीत. यूडीपीचा पेलोड १२२० बाइट, त्यावर यूडीपीचे ८, आयपीचे २०, पीपीपीचे २, एकूण १२५० बाइट म्हणजे १०,००० बिट, म्हणजे सर्व्हिस टाइम बरोबर १ मिलिसेकंद. पॅकेट पॉयसन पद्धतीने (रँडम, एकमेकांपासून स्वतंत्र वेळी) पाठवा, सरासरी सेकंदाला ८००, म्हणजे दोन पॅकेटमधलं अंतर एक्स्पोनेन्शियल, सरासरी १.२५ मिलिसेकंद. ऑन-ऑफ ॲप्लिकेशनमध्ये ऑन आणि ऑफ एक्स्पोनेन्शियल केले म्हणजे पॉयसन होत नाही, ऑनच्या काळात ते ठरलेल्या दरानेच पाठवतं, त्यामुळे वीस ओळींचं स्वतःचं ॲप्लिकेशन लिहा, पाठवायचं आणि पुढचं पाठवणं रँडम वेळेनंतर शेड्यूल करायचं, बस.

ही झाली एम-डी-१ रांग, म्हणजे येणं पॉयसन, सर्व्हिस टाइम ठराविक, सर्व्हिस देणारा एक. लिंक ८० टक्के बिझी. सूत्राने सरासरी वाट म्हणजे ०.८ गुणिले १ मिलिसेकंद, भागिले दोनदा ०.२, उत्तर बरोबर २ मिलिसेकंद. ५० टक्क्यांवर ०.५ यायला हवेत, ९० टक्क्यांवर ४.५. तुमच्या कोडने ८० टक्क्यांवर ३ दिले तर तुम्ही ट्रान्समिशन टाइम धरलाय. ४ दिले तर पॅकेटच्या साइजही रँडम झाल्यात, तो एम-एम-१ चा, म्हणजे सर्व्हिस टाइमही रँडम असलेल्या रांगेचा, आकडा आहे. आणि २.३ दिले तर बहुतेक पेलोडच १२५० ठेवलाय. तेव्हा तारेवर १२८० बाइट जातात, लिंक ८० ऐवजी जवळजवळ ८२ टक्के बिझी होते आणि उत्तर २.३२ होतं. तीस बाइटच्या हेडरने सरासरी सोळा टक्क्यांनी वाढली हे मी स्वतः बघितलं तेव्हापासून हेडरचा हिशोब मी कधी सोडत नाही. लोड वाढत जातो तशी ही वाढ आणखी भयानक होते.

त्याच रनमध्ये अजून दोन गोष्टी फुकटात तपासता येतात. अजिबात वाट न बघावी लागलेली पॅकेट २० टक्के असायला हवीत, कारण लिंक २० टक्के वेळ मोकळी असते आणि पॉयसन पद्धतीने येणाऱ्याला तेवढीच वेळा मोकळी सापडते. वर म्हटलं ते शून्य गाळणारं कोड इथे लगेच पकडलं जातं. दुसरं लिटलचं सूत्र, रांगेतली सरासरी पॅकेट म्हणजे येण्याचा दर गुणिले सरासरी वाट, ८०० गुणिले ०.००२, म्हणजे १.६. रांगेच्या लांबीचा ट्रेस घेऊन तपासा, पण सरासरी वेळेच्या वजनाने काढा, म्हणजे किती पॅकेट किती वेळ होती तसं. ट्रेसमध्ये आलेल्या आकड्यांची नुसती बेरीज करून भागाकार केला तर वेगळंच काहीतरी मिळतं. लिटलचा नियम जवळजवळ कुठल्याही रांगेला लागू पडतो, पॉयसन नसलेल्याही, त्यामुळे तुमच्या कोडेलच्या रनवरही हीच तपासणी चालेल. तिथे ड्रॉप झालेल्या पॅकेटचा हिशोब मात्र दोन्ही बाजूंना सारखा ठेवा.

यावरूनच एक सल्ला, रांगेची लांबी दर १०० मिलिसेकंदांनी बघून तिला १.२ ने गुणून डिले म्हणू नका. फिफो आणि ठराविक दराच्या लिंकवर अंदाज म्हणून ठीक आहे, पण टीसीपीची पॅकेट झुंडीने येतात, त्यामुळे पॅकेटला जी रांग भेटते ती घड्याळाला दिसणाऱ्या रांगेहून लांब असते. आणि एफक्यू-कोडेलमध्ये तर आत अनेक छोट्या रांगा असतात, एकूण लांबीवरून एका पॅकेटबद्दल काहीच सांगता येत नाही. नवीन एनएस-३ मध्ये तुम्ही काही बसवलं नाही तर आयपी ॲड्रेस देताना आपोआप एफक्यू-कोडेलच बसतं, जुन्यात पीफिफो-फास्ट बसायचं, तेव्हा काहीच लावलं नाही म्हणजे साधी फिफो आहे असं समजू नका.

मग येतो किती वेळ आणि किती वेळा चालवायचं. सुरुवातीचा काळ टाकून द्या. किती टाकायचा हे परिस्थितीवर आहे. तुमच्यासारख्या सेटअपला मी पहिली १० सेकंदं सोडून बघेन, मग २० सोडून बघेन, आकडा हलला नाही तर १० पुरे. सगळे फ्लो बरोबर १.० सेकंदाला सुरू करू नका, प्रत्येकाला थोडा रँडम उशीर द्या. सिम्युलेटरचं घड्याळ इतकं अचूक आहे की एकसारखे फ्लो एकमेकांशी लयीत अडकतात आणि मग कायम एकाच फ्लोची पॅकेट ड्रॉप होत राहतात. सॅली फ्लॉइड आणि व्हॅन जेकबसन यांनी हे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाच दाखवून ठेवलंय, तरी आजही तेच घडताना दिसतं.

आणि एक लांबलचक रन घेऊन त्यातल्या पॅकेटवर कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरी सरासरी कुठल्या पट्ट्यात असेल त्याचा अंदाज) काढू नका, कळकळीने सांगते. ८०० पॅकेट सेकंदाला, ६० सेकंद, म्हणजे ४८,००० पॅकेट, मग स्टँडर्ड डेव्हिएशन भागिले ४८,००० चं वर्गमूळ, आणि इंटरव्हल केसाइतकी बारीक येते, बघून बरं वाटतं. पण शेजारच्या पॅकेटचे डिले एकमेकांना चिकटलेले असतात, माझ्या पुढच्याला जास्त थांबावं लागलं तर मलाही लागणारच, त्यामुळे ४८,००० स्वतंत्र मापं नाहीतच ती. मी सुरुवातीला असंच केलं होतं आणि नुसता रन नंबर बदलून परत चालवलं तर नवीन सरासरी जुन्या इंटरव्हलच्या पार बाहेर. त्यानंतर मी ठरवून टाकलं, सीड (रँडम आकडे जिथून सुरू होतात तो नंबर) तोच ठेवायचा, रन नंबर १ ते १० बदलायचा, प्रत्येक रनची एक सरासरी घ्यायची, आणि त्या दहा आकड्यांवर इंटरव्हल काढायची, ९५ टक्क्यांसाठी टी चा आकडा २.२६२. एनएस-३ चं डॉक्युमेंटेशनही सीड न बदलता रन नंबर बदला असंच सांगतं. रन नंबर दिलाच नाही तर दहा वेळा चालवूनही तेच उत्तर दहा वेळा येतं, कारण डिफॉल्ट दोन्ही १ असतात.

सरासरीसोबत ९५ आणि ९९ पर्सेंटाइल द्याच, व्हिडिओ कॉलवाल्याला सरासरीशी काही देणंघेणं नसतं, त्याचा आवाज तुटतो तो शेवटच्या टक्क्यातल्या पॅकेटमुळे. आणि ड्रॉप किती झाले ते त्याच टेबलात, त्याच ओळीत लिहा. ड्रॉप झालेल्या पॅकेटला डिले नसतो, म्हणून रांग लहान केली की सरासरी डिले आपोआप छान दिसायला लागतो, आणि ड्रॉपचा कॉलम नसेल तर वाचणाऱ्याची फसवणूक होते.

अजून दोन डिफॉल्ट तपासा. टीसीपीचा सेगमेंट डिफॉल्टने ५३६ बाइट असतो, तो तुम्ही बदललाय ते चांगलं. पण सेंड आणि रिसीव्ह बफर १,३१,०७२ बाइटचे असतात, म्हणजे एका फ्लोची साधारण ९० पॅकेटच एका वेळी वाटेत असू शकतात. तुम्ही पाच फ्लो घेतलेत म्हणून रांग भरली. एकच फ्लो घेतला असता तर त्यातली वीसेक पॅकेट वाटेतच असती, उरलेली सत्तर डिव्हाइसच्या १०० च्या रांगेत आरामात मावली असती, क्यू डिस्कमध्ये कोणी थांबलंच नसतं आणि सोजर्न टाइम शून्य आला असता. मग तुम्ही मनापासून लिहिलं असतं की कोडेलने डिले शून्यावर आणला, जेव्हा कोडेलला त्या रनमध्ये काही कामच नव्हतं.

वायफायवर जाल तेव्हा हे सगळं परत विचारात घ्यावं लागेल, तिथे मॅकची (चॅनल कोणी कधी वापरायचा ते ठरवणाऱ्या थराची) रांग वेगळी, चॅनल मिळेपर्यंतचं थांबणं वेगळं, रिट्राय वेगळे, आणि त्यातलं क्यूइंग कशाला म्हणायचं ते तुमचं तुम्हाला ठरवून लिहावं लागतं. आत्ता त्यात शिरू नका.

तर आज एवढं करा. आधी एम-डी-१ वर २ मिलिसेकंद येतात का बघा. मग बॉटलनेकच्या डिव्हाइसची रांग १ पॅकेटची करून तुमचं डंबेल परत चालवा. स्थिर वेळ १३.४, कोडेलचे ५ ते ८, डिव्हाइसमधल्या एका पॅकेटमागे थांबणं १.२ पर्यंत, म्हणजे माझ्या अंदाजाने फ्लोमॉनिटरने डेटाच्या फ्लोंसाठी २० ते २५ च्या मध्ये कुठेतरी सांगायला हवं. त्याहून जास्त आलं तर क्यू डिस्कचा सोजर्न टाइम, डिव्हाइसच्या रांगेचा डिले, फ्लोमॉनिटरचा आकडा, ड्रॉप आणि मॅपमध्ये उरलेल्या नोंदी, हे पाच आकडे एका रनचे पाठवा, त्यावरून कुठे अडलंय ते सांगते.